भुईला भार

मे महिन्याच्या शेवटी दोन डझन हापूस घेतले. घेताना एकेक आंबा हातात फिरवून, देठाशी नाक नेऊन पारखून घेतला होता. डाग एकावरही नव्हता. घरी आणून गवतात घातले आणि चौथ्या दिवशी पाहते तो सात-आठ आंब्यांवर काळे ठिपके. दोन तर देठाकडून काळे पडत निघालेले. मी आंबेवाल्याच्या नावानं बोटं मोडायला लागले. माझी भाची सुटीला आली होती. ती शेतकी कॉलेजात शिकते. ती म्हणाली, “मावशी, त्या बिचाऱ्याला कशाला बोलतेस? हा करपा आहे. कैरी सुपारीएवढी असेल तेव्हाच तो आत शिरला असेल.”

“मग इतके दिवस दिसला कसा नाही?”

“काही करत नव्हता म्हणून.”

मग तिनं मला समजावून सांगितलं. करप्याची बुरशी ओलसर हवेत कोवळ्या कैरीवर रुजते, सालीत शिरते आणि तिथंच थांबते. कच्च्या सालीत तिला रोखणारी द्रव्यं असतात. फळ पिकू लागलं की ती द्रव्यं कमी होतात, आणि मग ही जागी होते. तोवर झाडावर कितीतरी आठवडे ती आंब्याला काही न करता त्याच्या सालीत मुकाट राहिलेली असते.

डाग पडलेले आंबे वेगळे काढताना मला आक्का आठवल्या. आक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. घरात कशाला बुरा आला, मग तो भाकरीचा तुकडा असो की लोणच्याची फोड, तर ती वस्तू उन्हात फेकायची नाही, तिच्यावर कढत पाणी ओतायचं नाही, असा त्यांचा दंडक. परसात केळीच्या बुडाशी, सावलीत, ओलीत ती ठेवून यायची. “त्येला बी जीव हाय की गं,” म्हणायच्या. “आपल्या घरात नको म्हणून मारायचं व्हय?”

आम्हा जैनांच्या घरात बुरशीचं भय लहानपणापासून असतं. अळंबी आमच्या स्वयंपाकघरात कधी आली नाही. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. त्यापुढं ते पीठ चालत नाही. पापडाला ऊन दाखवायचं, बरणीत ओला चमचा घालायचा नाही, डाळी सोधून ठेवायच्या. बुरशीत अनंत जीव असतात, म्हणून ती होऊच द्यायची नाही, म्हणजे मारण्याची वेळ येणार नाही, हा त्यामागचा विचार. आणि इतकं करूनही झालीच, तर तिला सावली द्यायची, हा आक्कांचा विचार.

आक्कांबद्दल लिहायचं मी बारा वर्षं टाळत आले आहे. या करप्यानं ते बाहेर काढलं.

मी कला शाखेची. विज्ञान दहावीलाच सुटलं. पण आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि तीस वर्षं त्याची बिलं आणि खतावणी मी लिहिली आहे. त्यामुळे काही शब्द ओळखीचे. भुरी, केवडा, तांबेरा, काणी, करपा, मर. हे सगळे बुरशीचे रोग म्हणून ओळखायचे आणि वरच्या फळीवरची औषधं त्यांना मारण्यासाठी. खालच्या फळीवर मात्र ट्रायकोडर्माची आणि मायकोरायझाची पाकिटं. त्याही बुरश्याच, पण शेतकऱ्यानं पैसे मोजून रानात सोडायच्या. तेव्हा माझी सरळ समजूत अशी होती की बुरशीत चांगली आणि वाईट अशा दोन जाती असतात, जशी माणसांत असतात तशी. वरच्या फळीची वेगळी, खालच्या फळीची वेगळी.

ही समजूत भाचीनं दोन गोष्टी सांगून मोडली.

पहिली गोष्ट १९९३ सालची. काकडी, कलिंगड अशा वेलींवर करप्याच्याच कुळातली एक बुरशी रोग करते. फ्रीमन आणि रॉड्रिग्ज या दोन शास्त्रज्ञांनी तिच्यातला असा एक वाण मिळवला, ज्यात फक्त एका जनुकाचा बदल झालेला होता. हा वाण वेलीत शिरे, अंगभर पसरे, पण रोग करत नसे. एवढ्यावरच थांबलं नाही. त्याच्या वस्तीमुळे वेल मूळच्या रोगट बुरशीलाही दाद देईना. चोर म्हणून आलेला राखणीला बसला, आणि फरक काय तर एका जनुकाचा.

दुसरी गोष्ट याच्या उलट. न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांच्या कुरणात रायग्रास नावाचं गवत असतं. त्याच्या पेशींच्या मधल्या फटींत एक बुरशी राहते. गवत वाढेल तशी तीही वाढते, गवत थांबलं की थांबते. ती काही द्रव्यं तयार करते, त्यामुळे किडे गवताच्या वाटेला जात नाहीत. त्यातल्याच काही द्रव्यांनी मेंढ्यांना झोकांड्या जाण्याचा रोग होतो, म्हणजे गवताची मैत्रीण मेंढीची वैरीण. २००६ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की या बुरशीतलं एक जनुक बंद पडलं, तर ती गवतात वाटेल तशी माजते, गवत खुरटतं आणि मरतं. त्या जनुकाचं काम काय, तर वाढीला आवर घालणं. तो आवर सुटला की इतकी वर्षं भली म्हणून राहिलेली बुरशी यजमानाला खाऊन टाकते.

आपण म्हणतो, स्वभावाला औषध नाही. मीही आयुष्यभर म्हणत आले. सासरी आल्यावर पहिल्या महिन्याभरात मी मनात प्रत्येकाचा स्वभाव लिहून टाकला होता. हे तापट, त्या खोचक, अमका लबाड. मग पुढची तीस वर्षं मी त्या नोंदींवरच त्यांच्याशी वागले. बुरशीच्या बाबतीत शास्त्रज्ञांचंही तसंच झालं होतं म्हणे. परोपजीवी, सहजीवी, मृतोपजीवी, म्हणजे मेलेल्यावर जगणारी, असे तीन कप्पे केले, आणि मग एकच बुरशी या कप्प्यातून त्या कप्प्यात जाताना सापडू लागली. हिरव्या पानात निरुपद्रवी पाहुणी म्हणून राहिलेली बुरशी पान गळून पडल्यावर तेच पान कुजवायला सुरुवात करते, असं जंगलात सर्रास घडतं. ती आधीच आत असल्यामुळे तिचा नंबर पहिला लागतो.

‘सहजीवन’ हा शब्द आपण लग्नपत्रिकेत वापरतो तसा गोड आहे. पण आन्टोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञानं १८७९ मध्ये त्यासाठीच्या त्यांच्या शब्दाची व्याख्या केली ती फार कोरडी होती. वेगवेगळ्या जातींच्या जीवांनी एकत्र राहणं, एवढंच. त्यात एकमेकांना पोसणारे आले आणि एकमेकांना खाणारेही आले. हे वाचून मला तत्त्वार्थसूत्राचा पाचवा अध्याय आठवला. जीव एकमेकांना उपकारक असतात, हे त्यातलं वचन आपल्या प्रतीकाखाली छापलेलं असतं, म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच्या लगेच आधीच्या सूत्रात पुद्गलाचे उपकार सांगताना सुख आणि जीवन यांच्याबरोबर दुःख आणि मरणही धरलेलं आहे. ‘उपकार’ हा शब्द तिथं आपल्या रोजच्या वापरातला, हात जोडून म्हणायचा नाही. कुणीतरी कुणाच्या तरी होण्याला कारण होतं, मग ते होणं चांगलं असो की वाईट, इतका तो रुंद आहे. प्रतीकाखाली छापलेलं वचन मला पूर्वी भाबडं वाटायचं. आता तसं वाटत नाही.

वर सांगितलेल्या दोन्ही गोष्टींत बदल बुरशीच्या आत झाला. मला जास्त लागली ती तिसरी गोष्ट, कारण तिच्यात बुरशी बदलत नाही.

१८८५ मध्ये फ्रांक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं झाडांची मुळं तपासली. ट्रफल नावाची जमिनीखालची महागडी अळंबी लावून पिकवता येईल का, हे पाहायला त्याला सरकारनं सांगितलं होतं. ट्रफलची लागवड राहिली बाजूला, पण त्याला दिसलं की धडधाकट झाडांची मुळंसुद्धा बुरशीनं वेढलेली असतात. मूळ आणि बुरशी मिळून होणाऱ्या त्या अवयवाला त्यानं मायकोरायझा म्हटलं. ही बुरशी झाडाला पोसते असं तो म्हणाला, तेव्हा अनेकांनी ते उडवून लावलं. मुळावर बुरशी म्हणजे रोगच असणार, अशी खात्री. आज आपल्याला माहीत आहे की जमिनीवरच्या दर दहा जातींतल्या सात-आठ जातींच्या मुळांत एका विशिष्ट गटातल्या बुरश्या राहतात. स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या अवशेषांतही त्यांच्यासारख्याच दिसतात. व्यवहार साधा आहे. स्फुरद मातीत जागच्या जागी जखडून बसतं, आमच्याकडच्या काळ्या आणि तांबड्या दोन्ही मातींत. मूळ जिथवर पोचत नाही तिथं बुरशीचा केसाहून बारीक धागा पोचतो. ती स्फुरद आणून देते, झाड तिला साखर देतं.

आता त्याच जमिनीत भरपूर स्फुरद टाका. मुळाला ते शेजारीच मिळू लागतं. मग झाड बुरशीला फारसं जवळ करत नाही. आणि जिथं बुरशी मुळात राहूनच जाते, तिथं ती नेहमीसारखी साखर घेत राहते, पण तिनं आणलेल्या स्फुरदाचं मोल आता उरलेलं नसतं. १९९३ मध्येच फ्लोरिडात लिंबाच्या जातीच्या रोपांवर केलेल्या प्रयोगात असं दिसलं, की खत भरपूर दिलेल्या कुंड्यांत बुरशी असलेली रोपं बुरशी नसलेल्या रोपांपेक्षा कमी वाढली. गरीब मातीत जी आधार होती, तीच श्रीमंत मातीत ओझं ठरली. बुरशी तीच, रोप तेच, त्यांचा करार तोच. माती बदलली होती, आणि ती बुरशीनं बदलली नव्हती.

भाची हे सांगत होती तेव्हा खाली दुकानात एक जण डीएपीची चार पोती आणि मायकोरायझाची दोन पाकिटं एकाच बिलात नेत होता. ती हसून म्हणाली, “काका दोन्ही एकदम विकतात? मग त्या बुरशीनं तिथं जाऊन करायचं काय?”

मी हसले नाही.

१९९३ साली मी या घरात सून म्हणून आले. दुकान म्हणजे भाड्याचं एक शटर. उसाची बिलं थकली की आमची उधारी थकायची. आक्का एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी परतलेल्या. मी आले तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या. पहाटे उठून पाणी गाळायच्या, दळण सोधायच्या, चुलीपुढं बसायच्या. माझी दोन्ही बाळंतपणं आणि नंतर मुलांचं सगळं त्यांनी केलं. मुलीला टायफॉइड झाला तेव्हा तीन रात्री त्यांनी पाठ टेकली नाही. कुणाचा ऊस कधी तुटणार, कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाकडं उधारी कधी मागावी आणि कुणाकडं या वर्षी मागूच नये, हे सगळं त्यांच्या डोक्यात. एका उन्हाळ्यात दुकानाचं भाडं त्यांनी लाटलेल्या उडदाच्या पापडांवर निघालं. त्यांना कुणी “तुम्ही आमच्याकडे राहता” असं म्हटलेलं मला आठवत नाही. आम्हीच त्यांच्या आधारानं राहत होतो.

पुढं दिवस पालटले. दुकान स्वतःचं झालं, वर मजला चढला. गॅस आधीच आला होता, मग मिक्सर, घरघंटी, धुण्याचं यंत्र, कामाला बाई. आक्कांच्या हातातलं एकेक काम आम्ही काढून घेतलं, आणि ते प्रेमानंच काढून घेतलं हे मी शपथेवर सांगेन. “आक्का, बसा की आता, किती राबणार?” उधारीची वही आली, मग संगणक आला. मुलं मोठी झाली. आक्कांनी त्यांचं नेहमीचंच चालू ठेवलं. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायच्या. वरच्या खिडकीतून गिऱ्हाइकाला हाक मारून घरची चौकशी करायच्या. फ्रीजचा आवाज नको म्हणून बटण बंद करून ठेवायच्या आणि दूध नासायचं. पूर्वी या बाईशिवाय घर हलत नव्हतं, आणि आता ती प्रत्येक ठिकाणी पायात येते, असं मला वाटू लागलं.

आषाढातली दुपार होती. मी बहिणीशी फोनवर बोलत होते. त्या दिवशीही दूध नासलं होतं. मी म्हटलं, “काम ना धाम. खायला काळ अन् भुईला भार, दुसरं काय?” बोलून वळले तर दारात आक्का. हातात सोधलेल्या तूरडाळीचं ताट. त्यांनी ते ओट्यावर ठेवलं आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी एकाशन धरलं. चातुर्मास तोंडावर होता. आमच्याकडे चातुर्मासात एकाशन धरणं ही काही विचारण्याची गोष्ट नाही. सगळ्यांनी कौतुकच केलं. चार महिने त्या दिवसातून एकदा जेवल्या. ते एक जेवण रोज मीच वाढत होते. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मी विचारलं नाही, त्या बोलल्या नाहीत.

मधे दशलक्षण पर्व आलं आणि संपलं. क्षमावाणीच्या दिवशी मी रीतीप्रमाणे सगळ्यांच्या पाया पडले, आक्कांच्याही पडले. चुकलं-माकलं असेल त्याची क्षमा करा, असं जे सगळ्यांना म्हटलं तेच त्यांना म्हटलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. “माझं बी चुकलं असंल,” म्हणाल्या. त्यानंतर तीन वर्षांनी त्या गेल्या.

जिचा गुन्हा नावानिशी ठाऊक आहे, तिनं मोघम क्षमा मागितली तर ती क्षमा होते का? मला वाटतं, होत नाही. ‘असेल’ या शब्दाआड मी लपले होते. त्यांचं ‘असंल’ वेगळं होतं. काय चुकलं ते त्यांना खरोखरच सापडत नव्हतं. आणि कसं सापडणार? त्या बदलल्याच नव्हत्या.

हा प्रश्न मी बरीच वर्षं स्वभावाच्या भाषेत मांडत होते. मी वाईट आहे का? म्हातारपणी आक्का त्रासदायक झाल्या होत्या का? बुरशीची गोष्ट कळल्यावर लक्षात आलं, की प्रश्नच चुकीच्या जागी होता. ‘भार’ हे माणसाचं वर्णन नव्हे. आपण माती बदलतो, आणि बदललेल्या मातीत जुनं माणूस जड होतं. म्हणीत ‘भुईला भार’ म्हणतात. पण भुईनं कुणाला भार म्हटल्याचं ऐकिवात नाही. म्हणतो आपण. आणि म्हणताना ही भुई एवढी सुपीक कुणाच्या हातांनी झाली, ते विसरून म्हणतो.

ही म्हण बाईच्या वाट्याला सहज येते. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना काम न करणाऱ्यांत घातलं होतं आणि त्यांची रांग भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर लावली होती. अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर कडक शब्दांत नापसंती दाखवली. ती बातमी वाचून मी संतापले होते आणि पेपर आक्कांना वाचून दाखवला होता. आक्का ऐकून घेऊन म्हणाल्या, “असू दे.” एकाशनाचा तो चातुर्मास आदल्याच वर्षीचा. हे दोन्ही माझ्या एकाच डोक्यात शेजारी-शेजारी होतं आणि एकमेकांना भेटलं नव्हतं.

मात्र इथं मला थांबून एक गोष्ट बजावून सांगायची आहे, कारण हा विचार घसरडा आहे. ‘स्वभाव असा काही नसतोच, सगळं परिस्थितीवर’ असं म्हटलं, की लगेच कुणीतरी मार खाणाऱ्या बाईला सांगतं, तूच सांभाळून घे, तुझ्या वागण्यानं तो बदलेल. माझ्या एका मैत्रिणीला वीस वर्षं हेच सांगितलं गेलं. सांगणाऱ्यांत आम्हीही होतो. न्यूझीलंडच्या गवताला कुणी हा सल्ला देऊन पाहावा. ज्या बुरशीतला आवरच गेला आहे, तिच्यापुढं गवतानं कितीही समजुतीनं घेतलं तरी ते मरतंच. शिवाय बुरशीला करता येत नाही ते माणसाला येतं. बुरशीला कळत नाही, माणसाला कळतं. आवर सुटला तर तो परत घालता येतो, हे माणसाला कळतं, म्हणून त्याला जाब विचारता येतो. मलाही विचारता येतो.

झाडंसुद्धा भोळी नाहीत. २०११ मध्ये टोबी किअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की जी बुरशी जास्त स्फुरद देते तिला मूळ जास्त साखर देतं, जी हात आखडते तिला कमी. आणि बुरशीही तसंच करते, जास्त साखर देणाऱ्या मुळाला जास्त स्फुरद. हे वाचून लोक म्हणतात, पाहा, निसर्गात किती न्याय आहे. मला ते वाचून गार वाटलं. कारण मी आक्कांशी नेमकं हेच केलं होतं. देणं आटलं, म्हणून मी माया आखडली. मुळानं असा हिशेब ठेवावा. मुळाला आठवण नसते, १९९३ साल नसतं, पापडांवर निघालेलं भाडं नसतं. ज्याला आठवण आहे त्यानं फक्त चालू महिन्याची खतावणी उघडून बसणं बरोबर नाही. मी जन्मभर खतावणी लिहिली आहे. मागची बाकी पुढं ओढायची असते, हे मला कळायला हवं होतं.

आणि मागची बाकी नसेल तर? ज्यानं कधीच काही दिलं नाही, त्याचं काय? याचं उत्तर मला आमच्याकडच्या घाटातल्या आमरीजवळ सापडतं, निदान थोडंसं. चोर्ल्याला, आंबोलीला पावसाळ्याच्या तोंडाला झाडांवर सीतेची वेणी फुलते. लोक तिला बांडगूळ समजतात. ती बांडगूळ नाही, झाडावर नुसती बसलेली असते, त्याच्यातलं काही घेत नाही. पण आमरीचं बी धुळीच्या कणाएवढं, त्यात शिदोरी म्हणून काहीच नसतं. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८९९ मध्ये दिसलं, की बुरशी आत शिरल्याशिवाय ते रुजतच नाही. जन्माच्या वेळी ही वनस्पती बुरशीच्या जिवावर वाढते. आणि या दाईचे काम करणाऱ्या बुरश्या बऱ्याचदा त्या गटातल्या, ज्यांच्यामुळे वाफ्यातली मिरची-टोमॅटोची कोवळी रोपं कोलमडतात. आमच्या वरच्या फळीवरचं औषध ज्यांच्यासाठी, त्यांच्याच भावकीतली कुणीतरी घाटात सीतेच्या वेणीला दूध पाजत असते. आमरीनं तोवर काय दिलेलं असतं? काही नाही. आपणही जन्मतो तेव्हा काय दिलेलं असतं? पहिली दोन-चार वर्षं प्रत्येक जण कुणाच्या तरी भुईला भार असतो, आणि तेव्हा ती म्हण कुणी म्हणत नाही.

अनेकांत म्हणजे सगळ्यांचंच खरं, असं मला लहानपणी वाटायचं, आणि ते थोडं सोयीचंही वाटायचं. आता वाटतं, तो फार अवघड नियम आहे. ‘हा भार आहे’ असं म्हणताना कुणाच्या दृष्टीनं, कोणत्या काळी, कोणत्या मातीत, हे प्रत्येक वेळी सांगायचं. मी त्या दुपारी तेवढं जरी सांगितलं असतं, तर वाक्य असं झालं असतं: ‘आज, दूध नासल्यावर, घरघंटी आणि फ्रीज असलेल्या माझ्या घरात, मला आक्का जड वाटतात.’ एवढं लांब वाक्य रागाच्या भरात कुणी बोलत नाही. अर्ध्यातच राग उतरतो.

आता मी छप्पन वर्षांची आहे. मुलगा बंगळूरला, मुलगी पुण्याला. मुलाकडं गेले की त्याच्या स्वयंपाकघरात मी डबे उघडून पाहते. “आई, राहू दे गं, फोनवर सगळं दहा मिनिटांत येतं,” तो म्हणतो. प्रेमानंच म्हणतो. गेल्या खेपेला दुपारी करायला काही नव्हतं, म्हणून मी तांदूळ निवडायला घेतले. ते पाकिटातले, स्वच्छ होते. ताटभर तांदळात एक खडा मिळाला नाही. तरी मी ताट संपेपर्यंत उठले नाही. सून तिच्या खोलीत कामात होती. ती बाहेर आली, माझ्याकडं पाहिलं आणि काही न बोलता दुसरं ताट घेऊन समोर बसली. तिला निवडायला येत नाही. पण बसली.

डाग पडलेले आंबे त्या दिवशी मी परसात नेले. आक्कांची केळ कधीच गेली, तिच्या पिलांची पिलं आहेत. त्यांच्या बुडाशी, ओलीत, सावलीत ते ठेवले. भाची म्हणाली, “मावशी, आता ती बुरशी ते आंबे कुजवेल, आणि माती होईल.”

“होऊ दे,” मी म्हटलं.